आत्याची सही

आत्याचा नवरा वारला. तेराव्याच्या गर्दीत, ती रडत असताना, मेहकरच्या दिराने तिचा हात धरून एका कागदावर अंगठा उठवून घेतला. रेशनचं काम आहे म्हणाला. शेत गेलं. ती देऊळघाटला आमच्या घरी आली तेव्हा तिच्याजवळ सोन्याची पोत तेवढी होती. ती विकून आलेले पैसे तिने बुलढाण्याला पोस्टात टाकायचे ठरवले.

"अंगठा कोनीबी धरून उठवते," बाबा म्हणाले. ते तिचे थोरले भाऊ. "तू सही शिक. सही कोनाच्या बापाले चोरता येत नाही."

त्यांनीच शिकवली, पाटीवर. चुकली की पट्टी बसायची. आत्या हसत मार खायची. खातं उघडलं त्या दिवशी तिने गल्लीत गूळ वाटला. पासबुक मात्र बाबांच्या पेटीत राहिलं. घरात कुलूप त्या एका पेटीलाच होतं.

पुढे तिच्या लेकीचं बाळंतपण आलं, देऊळगाव राजाला. तोवर आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पासबुक मागितलं की बाबा म्हणत, उद्या पाहू. शेवटी आईने पेटीची किल्ली तिच्यापुढे ठेवली. मी बुलढाण्याला कॉलेजात होते. आत्याला घेऊन मीच पोस्टात गेले.

"खात्यात नावापुरतंच उरलंय," खिडकीतला बाबू म्हणाला. "बाई आजारी आहे असं सांगून तुमचे भाऊ काढून नेतात. सही तुमचीच आहे."

आत्याने त्याने पुढे केलेला पैसे काढल्याचा कागद डोळ्यांना लावला. "म्या नाही केली ही."

"मग करून दाखवा."

तिने केली. ओळ दिसेना, अक्षरं एकमेकांवर चढली. बाबूने दोन्ही सह्या शेजारी धरल्या. "ही तुमची सही नाही. दुसऱ्याच्या खात्यावर यायचं नाही, बाई."

मी भांडले. रांगेतले लोक हसले.

घरी बाबा जेवत होते.

"दादा, माहे पैसे काऊन काढले?"

"इतके साल कोनाची भाकर खाऊन राह्यली तू?"

"ही चोरी आहे, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "अन् तुही कॉलेजची फी कुठून आली वं?"



"तिले काऊन मधात घेतो, दादा," आत्या म्हणाली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या हाताने लेकीकडे गेली. जावयाने बाळंतपणाचा खर्च सासूवर धरला होता. बारशाआधीच त्याने तिला एसटीत बसवून परत पाठवलं. ती दारात आली तेव्हा तिचे पाय सुजले होते.

बाबा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "आली का? भाकरी टाक."

तिने हातपाय धुतले आणि पीठ मळायला घेतलं. मी पुस्तक उघडून आतल्या खोलीत बसले. त्या वर्षी मी पास झाले.