बुरशी आली का?

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मला संत्र्याच्या वाळलेल्या साली हव्या होत्या. ताज्या सालीतलं तेल बुरशीला वाढू देत नाही, म्हणून साली धुऊन कडक वाळवाव्या लागतात. मी वाशीमला वसतिगृहात राहायचे आणि तिथल्या गच्चीला कायम कुलूप असायचं. मग हे काम आईने त्याच जिल्ह्यातल्या मालेगावजवळच्या आमच्या घरी अंगावर घेतलं. बसस्टँडवरच्या रसवाल्याकडून ती साली मागून आणायची आणि पत्र्यावर जुनं लुगडं अंथरून वाळत घालायची.

शेजारच्या काकू ओट्यावरून टोमणा मारायच्या, "पोरीले शिकाले धाडलं, अन् ते बुरशी लावून राह्यली! आमच्या लोणच्यावर तं फुकटात येते."

"तुह्या लोणच्याची बुरशी अडाणी," आई म्हणायची. "माह्या पोरीची कॉलेजात जाते."

आईला मी समजावून सांगितलं होतं. सालीची भुकटी आणि गव्हाचा कोंडा ओला करून काचेच्या चंबूत भरायचा, त्यावर काळी बुरशी वाढवायची. साल पचवायला बुरशी जे एन्झाइम सोडते, तेच आपल्याला हवं. गढूळ फळरसात ते घातलं की रस नितळ होतो, म्हणून रसाचे कारखाने ते विकत घेतात. आईने यातलं एकच धरून ठेवलं. रोज फोनवर तिचा पहिला प्रश्न असायचा, "आली का वं बुरशी?"

सुरुवातीला येतच नव्हती. "थांब," ती म्हणायची, "अजून एक ऊन दाखवतो सालीले." शेवटी एका सकाळी चंबू काळाभोर झालेला दिसला. मी फोनवर "आली!" म्हटलं, तर आईने ती बातमी ओरडून आधी काकूंना सांगितली.

आता मी समुद्राकाठच्या एका शहरात, एन्झाइमच्या कारखान्यात आहे. आमच्या घरातली पहिली पदवी मला इथवर घेऊन आली, याची जाणीव मला रोज असते. इथे टाक्या दोन मजली उंच आहेत आणि साल पोत्यांतून भुकटी होऊनच येते. बुरशी ठरल्या वेळी वाढते. ती आली का, असं कुणी विचारत नाही. आईही आता फक्त "जेवली का?" विचारते.

संक्रांतीला घरी गेले, तर पत्र्यावर साली वाळत होत्या.

"आता कायले, आई? कंपनी भुकटी विकत घेते."

"विकतच्या भुकटीले वास तरी असते का?" म्हणत तिने पिशवी भरून दिली.

ती पिशवी मी खोलीतल्या फळीवर जपून ठेवली. घरची फार आठवण आली की उघडून वास घ्यायचे. परवा उघडली, तर इथल्या दमट हवेने साली मऊ पडल्या होत्या. संत्र्याचा वास गेला होता आणि सालींवर काळपट लव धरली होती. फेकायला हात होईना. मी आईला फोन लावला.

"काय वं, अवेळी? बरी हाय ना?"

"बरी आहे. आई, तू आधी रोज विचारायचीस ते विचार ना."

ती हसली.

"आली का वं बुरशी?"

"आली," मी म्हणाले. "तुह्याच सालींवर."