बाई येऊन राहिल्या ना?

वडील अकोल्यातल्या एका हायस्कुलात क्रीडाशिक्षक होते. नोकरी लागल्यापासून निवृत्तीपर्यंत शाळा एकच, मैदान एकच आणि शिकवला तो खेळही एकच, मुलींचा खो-खो. निवृत्तीच्या वर्षी त्यांच्या संघातल्या मुलींनी जिल्हा जिंकला. विभागीय स्पर्धा अमरावतीला होती आणि तिथे दोन रात्रींचा मुक्काम होता. वडिलांची ती शेवटची स्पर्धा. संघ जाणार की नाही, हे आई सोबत जाते की नाही यावर अवलंबून होते.

पद्धत जुनी होती. बाहेरगावी जाण्याआधी वडील प्रत्येक खेळाडूच्या घरी जात. बहुतेक घरे मोर्णा नदीपलीकडे, जुन्या शहरात, भाजीवाल्यांची, फुलवाल्यांची. चपला बाहेर काढायच्या, पाणी प्यायचे, स्पर्धेचे सगळ्यात शेवटी बोलायचे. नकार आला तर दुसरा चहा मागायचा आणि होकार येईपर्यंत उठायचे नाही. शाळेतल्या शिक्षिका मुक्कामाला तयार नसत, म्हणून आई जाई. ती शाळेची कोणी नव्हती. पोरींच्या वेण्या घालणे, न्हाणीबाहेर उभे राहणे, दाराशी आडवे झोपणे ही तिची कामे. खांबाजवळ पोरगी पडली की वडील "ऊठ" म्हणत आणि आई हळद घेऊन धावे.

त्या वर्षी आई म्हणाली, "मी नाही येत. गुडघे गेले माझे."

मी अमरावतीला वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. वडिलांनी फोन करून सांगितले, "आईच्या जागी तू चाल." मी रजा घेऊन अकोल्याला आले आणि त्यांच्याबरोबर घरोघरी निघाले.

पहिले घर कर्णधार मुलीचे. तिची आई शेवंतीचे हार ओवत बसली होती.

"बाई येऊन राहिल्या ना?" तिने विचारले.

"यंदा माही पोरगी येते," वडील म्हणाले.

तिने सुई न थांबवता माझ्याकडे पाहिले. "लगन झालं का इचं?"

"नाही," मी म्हणाले.

"काम?"

"पेपरात. रात्रपाळी असते."

"मंग तर इच्यावरच ध्यान ठेवाले एक बाई लागन."

घरातले सगळे हसले. वडीलही हसले आणि त्यांनी दुसरा चहा मागितला. चहा आला, होकार आला नाही.

"सर, राग नोका मानू," ती म्हणाली. "तुमी चांगलेच हा. पण पोरीले आमी तुमच्या भरोशावर नोतो धाडत. बाई जाते म्हणून धाडत होतो. मोठ्या पोरीच्या वक्तालेबी तसंच."

पुढच्या घरांत शब्द वेगळे होते, अर्थ तोच.

परत येताना वडिलांनी नदीच्या पुलावर स्कूटर थांबवली. "इतके वर्ष बोललो मी," ते म्हणाले, "आणि हे लोक तुझ्या आईकडे पाहून राहिले होते."

"आईला कधी विचारलं होतं का तुम्ही?"

"काय?"

"येतेस का म्हणून."

त्यांनी गाडी सुरू केली. माझ्या आठवणीत ते आईला फक्त दिवस सांगत. गुरुवारी निघायचं आहे, एवढेच.

घरी आई पलंगावर बसून गुडघ्याला तेल चोळत होती. वडिलांनी चपला दाराबाहेर काढल्या. आमच्याकडे त्या आत, कोपऱ्यात काढतात. ते खुर्चीच्या कडेवर बसले. मी दिलेले पाणी प्यायले.

"पोरींना अमरावतीला न्यायचं आहे," ते आईला म्हणाले. "तुमची परवानगी असेल तर."

"गंमत करून राहिले का माझी?"

"नाही."

आईने तेलाची बाटली बंद केली. "दमली मी. तुमाले शाळेनं निवृत्त केलं. मले कोण करन?"

वडिलांनी दुसरा चहा मागितला नाही. "बरं," म्हणून ते उठले. "उद्या शाळेत सांगतो, संघ जात नाही."

ते दारापर्यंत गेल्यावर आई म्हणाली, "येते. पण कामाले हात लावणार नाही. वेण्या नाही, न्हाणी नाही. सामनाबी नाही पाहणार. खोलीत झोपीन."

"झोपा," वडील म्हणाले.

अमरावतीला वेण्या मी घातल्या. त्या वाकड्या झाल्या आणि पोरींनी एकमेकींच्या सोडून पुन्हा घातल्या. आई दोन्ही दिवस खोलीत झोपून होती. उपांत्य सामन्यात कर्णधार खांबाजवळ लवकर बाद झाली आणि संघ हरला. वडील खोलीत येऊन बूट न काढता बसले. आईने डोळे उघडले.

"काय झालं?"

"हरलो."

"बरं," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

अकोल्याच्या स्टँडवर फुलवाली मुलीला न्यायला आली होती. "बाई, पुढच्या वर्षी माही लहानी हाये संघात," ती म्हणाली.

"मी नाही," आई म्हणाली.

बाकीच्या पोरींना घरोघरी पोचवायला वडील जुन्या शहराकडे निघाले. आईने ऑटो थांबवला, मला आत बसायला सांगितले, आणि मागे वळून पाहिले नाही.