बकरीने सोडलेली रोपं

मी पोचले तोवर बकरी बाहेर काढून झाली होती. तिला नर्सरीच्या फाटकाला बांधलं होतं आणि ती निवांत रवंथ करत होती. मागचं कुंपण एका जागी आडवं झालं होतं, तिथून ती शिरली होती. सुजाताबाई इंगोले शेवटच्या वाफ्यात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. नर्सरी त्यांच्या महिला बचत गटाची.

"जय भीम, मॅडम. पाहा, कशी वाट लावली. साहेब आता म्हणतीन, तुमाले राखण बी जमत नाही."

"रिपोर्ट लिहून देते. किती खाल्ली?"

"मागचे दोन वाफे. पुढच्यायले तोंड नाही लावलं."

मी वाशिमच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. बाभूळ आणि तिचे नातेवाईक हा माझा विषय. लोक गुलाबावर, ऑर्किडवर काम करतात. मी पंचवीस वर्षं काट्यांवर करते आहे आणि साड्यांचे काठ त्याची साक्ष देतात. अनसिंगच्या आतल्या बाजूला असलेल्या ह्या गावात ई-क्लास जमिनीवर, म्हणजे सरकारी चराईच्या जागेवर, पावसाळ्यात बाभूळ लावायची होती. रोपं गटाच्या नऊ बायकांनी वाढवली होती. ह्या बायका दरवर्षी दिवाळीनंतर बाहेर जायच्या, कुणी ऊसतोडीला, कुणी वीटभट्टीवर. नर्सरीमुळे त्या वर्षी पहिल्यांदा सगळ्या गावात राहिल्या होत्या. हा लॉट पास झाला की पुढच्या वर्षीचं कामही त्यांनाच मिळणार होतं. रोपं बाभळीचीच आहेत असं सर्टिफिकेट मी तीन आठवड्यांपूर्वी देऊन बसले होते.

मी वाकून पाहिलं. बकरीने शेंडे साफ केले होते, पण सगळे नाही. तीन पिशव्या खाल्लेल्या, एक धडधाकट. पुन्हा दोन खाल्लेल्या, एक धडधाकट. मला हे पटेना. बाभळीचा पाला बकरीला पेढ्यासारखा. काट्याला ती भीत नाही, ओठांनी अलगद वेचून खाते. मग मधलीच रोपं तिने कशाला सोडावी? न खाल्लेलं एक रोप मी पिशवीसकट उचललं, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळ्यांजवळ धरलं. 

ते विलायती बाभळीचं रोप होतं.

इथे जरा धंद्यातलं सांगते. बाभूळ, हिवर आणि खैर पूर्वी शास्त्रात एकाच आडनावाने नांदत होते. काही वर्षांपूर्वी त्यांची वाटणी झाली. ज्यांचे काटे सरळ आणि जोडीने येतात ते बाभूळ आणि हिवर एका घरात गेले. खैराचे काटे मांजराच्या नखासारखे वाकडे, तो दुसऱ्या घरात गेला. विलायती बाभूळ ह्यांपैकी कुठल्याच घरातली नाही. ती अमेरिकेतून आलेली, लांबच्या नात्यातली. पण तिलाही बऱ्याचदा जोडीने सरळ काटे येतात, म्हणून नुसत्या काट्यांवर विसंबलं तर माणूस फसतो. पान बघावं लागतं. दोघींचं पान चिंचेसारखं बारीक तुकड्यांचं. त्या तुकड्यांना आम्ही पर्णिका म्हणतो. बाभळीची पर्णिका जिऱ्याएवढी आणि दाटीने बसलेली. विलायतीची दुप्पट-तिप्पट लांब आणि सुटी सुटी. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा हे सांगू शकतो. अट एकच, त्याने रोप हातात घ्यायला हवं.

विलायतीच्या शेंगा बकऱ्या आवडीने खातात, पाला मात्र सहसा तोंडात घेत नाहीत. ई-क्लासवर ती लागली असती तर काही वर्षांत तिथे गवत राहिलं नसतं, आणि जनावराला आत शिरायला वाटही राहिली नसती.

"सुजाताबाई, बिया कुठून आणल्या होत्या?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोठ्यातून. तुमीच सांगतलं होतं ना."

सांगितलं होतं. आदल्या उन्हाळ्यात ह्याच गावात मी गटाला बियांचं ट्रेनिंग दिलं होतं. बाभळीच्या बीचं कवच कडक असतं, नुसती पेरली तर लवकर उगवत नाही. बकरी शेंगा खाते, रवंथ करताना बऱ्याच बिया तोंडातून टाकते, काही लेंडीतून पडतात. त्या पोटात भिजून मऊ झालेल्या असतात आणि भराभर उगवतात. म्हणून बकऱ्यांच्या कोठ्यातून, म्हणजे गोठ्यातून, बिया झाडून घ्याव्यात, ही जुनी आणि चांगली रीत. पुस्तकातही आहे. फक्त पुस्तकातली बकरी बाभळीखालीच चरते.

"मागच्या वाफ्यांच्या बिया कुणाच्या कोठ्यातल्या?"

"देवकाबाईच्या. तिच्या बकऱ्या नाल्यावर जातात."

नाल्याला दोन्ही अंगांनी विलायतीचं रान आहे. मी तिथूनच चालत आले होते.

देवकाबाई गटातल्या सगळ्यांत वयस्क. त्या पलीकडे झारीने पाणी घालत होत्या. झारी खाली ठेवून आल्या.

"म्या इचारलं होतं तुमाले," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "नाल्यावरच्या बकऱ्या इलायतीच्या शेंगा बी खातात, त्यायच्या बिया चालतीन काय म्हून. तुमी म्हणल्या, बकरी कोणती बी असो, पोटातली बी चांगलीच उगवते."

मला आठवलं. मी लॅपटॉप बॅगेत भरत होते आणि पाचची बस गाठायची होती. प्रश्न अर्धा ऐकला आणि उत्तर पूर्ण दिलं.

"पण रोपं वर आल्यावर तुम्हाला शंका नाही आली?"

"आली ना," सुजाताबाई म्हणाल्या. "इलायती कोणाले ओळखू येत नाही? पन तुमी येऊन पाहून गेल्या, सर्टिफिकेट देलं. मंग आमी म्हटलं, मॅडम एवढ्या शिकेल, आपलंच चुकलं असंन."

उंटावरून शेळ्या हाकणे ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. तिचा अर्थ मला त्या वाफ्यात उभं राहून कळला. फॉर्मवर स्पष्ट छापलेलं होतं, प्रत्येक वाफ्यातून नमुने घ्यावेत. मी पुढच्या दोन वाफ्यांतून घेतले. ते सुजाताबाईंच्या स्वतःच्या कोठ्यातल्या बियांचे होते. त्यांच्या बकऱ्या शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गावरान बाभळीखाली चरतात, म्हणून ते वाफे शुद्ध निघाले. मागे चिखल होता आणि ऊन चढलं होतं. बाकीचे वाफे मी बांधावरून बघितले आणि सही ठोकली.

वनीकरणाचं काम बघणाऱ्या राठोड साहेबांना मी तिथूनच फोन केला. ते दुसऱ्या दिवशी सकाळी आले. माणूस कामसू आणि नियमाला पक्का. दोन रोपं शेजारी धरून दाखवल्यावर त्यांनी मान हलवली.

"लॉट रिजेक्ट करावा लागेल. मिक्स माल नियमात बसत नाही. आणि ग्रुपचं नाव पुढच्या वर्षीच्या लिस्टमधून काढावं लागेल."

नऊ जणी फाटकाजवळ उभ्या होत्या. सुजाताबाई पुढे झाल्या.

"साहेब, बियायची चूक आमची आहे. पन आमाले निवडू द्या. एक-एक पिशवी पाहून इलायती काढून टाकतो."

"आणि निवडलं ते बरोबर आहे हे कोण सांगणार? सर्टिफिकेट तर आधीही होतं."

ह्यावर साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. सुजाताबाईंनी पाहिलं नाही. ट्रेनिंगचं नाव त्यांनी काढलं नाही, देवकाबाईंच्या प्रश्नाचंही नाही. त्या मला वाचवत होत्या, आणि मी स्वतःला वाचवू दिलं. मी एवढंच म्हणाले, "निवडता येईल, तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे." साहेबांनी ते ऐकून घेतलं, पाहतो म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

वाशिमच्या बसमध्ये मला लाज वाटली. आधी बकरीचा राग आला, मग फॉर्मचा, मग नाल्याचा. वाशिम यायच्या कितीतरी आधी राग घ्यायला दुसरं कुणी उरलं नाही. ज्या बाईच्या गटातल्या नऊ घरांचं काम जात होतं, तिने माझी चूक आपल्या अंगावर घेतली होती. मी मात्र "तांत्रिकदृष्ट्या" म्हणून मोकळी झाले होते.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या ऑफिसात पत्र घेऊन गेले. अर्ध्या पानाचं होतं. कोठ्यातल्या बिया घेण्याचा सल्ला माझा. नाल्यावर चरणाऱ्या बकऱ्यांच्या बियांबद्दल विचारलं गेलं असताना मी दुर्लक्ष केलं. पाहणी अपुरी केली. गटाने मी सांगितलं तसंच केलं.

साहेबांनी दोनदा वाचलं.

"मॅडम, हे असं कशाला लिहून देता? तुमचं नाव तज्ज्ञांच्या पॅनेलवरून जाईल."

"जाऊ द्या."

"तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"काल तोंडी सांगायची संधी होती. तेव्हा नाही सांगितलं."

त्यांनी पत्र फाइलला लावलं. मग म्हणाले, "चूक सल्ल्याची असेल तर ग्रुपला एक चान्स देता येतो. चार दिवस. पण तपासायला तुम्ही नाही. दुसरा माणूस पाठवतो."

चार दिवस नऊ जणी सकाळपासून वाफ्यांत बसून होत्या. मीही सुट्टी टाकून बसले. आधी एकीने बघायचं, मग तीच पिशवी दुसरीने बघायची, असं देवकाबाईंनी लावून दिलं. पहिल्या दिवशी मी पर्णिका समजावून सांगायला लागले, तेव्हा एकजण म्हणाली, "मॅडम, ते आमाले येते. तुमी फक्त बारकी-बारकी पाहा, तिथं डोये फसतात." मी बारकी-बारकी पाहिली. विलायतीची रोपं उपटून, उन्हात वाळवून जाळली. बकरीने खाल्लेली बाभळीची रोपं ठेवून दिली, कारण त्यांना नवे फुटवे येतात.

पाचव्या दिवशी राठोड साहेबांबरोबर तपासणीला मंगरूळपीरच्या कॉलेजात शिकवणारा अमोल आला. माझाच जुना विद्यार्थी. मला पाहून तो इतका अवघडला, की नमस्कार करू का नको हेच त्याला कळेना.

"सर, सुरू करा," मी म्हणाले, आणि फाटकाबाहेर जाऊन उभी राहिले.

त्याने बूट काढले. सगळ्यांत मागच्या वाफ्यात शिरला, चिखलात गुडघे टेकले आणि मधल्या रांगेतली पिशवी उचलली. मग कोपऱ्यातली. मग दुसऱ्या वाफ्यात. प्रत्येक रोप भिंगाखाली. हे सगळं त्याला मीच शिकवलं होतं. सुजाताबाई त्याच्या हातांकडे टक लावून बघत होत्या.  दोन तासांनी तो उठला, राठोड साहेबांना म्हणाला, "क्लिअर आहे सर. एकही नाही," आणि हात धुवायला विहिरीकडे गेला.

सुजाताबाईंनी पदराने तोंड पुसलं. देवकाबाई झारी उचलून पाणी घालायला निघून गेल्या. पाणी घालायची वेळ झालीच होती.

लॉट कमी भरला, पण पास झाला. गटाचं नाव लिस्टमध्ये राहिलं आणि माझं पॅनेलवरून गेलं. दोन्ही योग्यच झालं. आता कुठल्याही नर्सरीत गेले की मी मागच्या वाफ्यापासून सुरुवात करते. पुढचा वाफा सगळेच नीट ठेवतात, आणि बघायला येणाऱ्यालाही तोच आवडतो.

पुढच्या उन्हाळ्यात सुजाताबाईंचा फोन आला. "मॅडम, गावात बियायचं ट्रेनिंग आहे. या."

"मी पॅनेलवर नाही आता."

"शिकवाले नाही. बसाले या."

मी गेले. शेजारच्या दोन गावांतल्या बायका आल्या होत्या. देवकाबाईंनी परातीत कोठ्यातल्या बिया ओतल्या आणि प्रत्येकीपुढे एक मूठ ठेवून बाभूळ एकीकडे, विलायती दुसरीकडे अशी निवडायला सांगितली. मी माझी मूठ निवडली. एकही चुकली नव्हती, हे मला ठाऊक होतं. देवकाबाईंनी तरी माझ्या दोन्ही ढिगांतली एकेक बी उलटून पाहिली, आणि मगच पुढे गेल्या.