बर्निसची खिडकी

बर्निस हुडाक चाळीस वर्षं आमच्या चर्चच्या तळघरात मासे तळत होती. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत दर शुक्रवारी अर्धं गाव तिच्यासमोर रांगेत असे. नवरा खाणीतल्या अपघातात गेला, मूल नव्हतं. पेन्सिल्व्हेनियाच्या डोंगरातून ती कधी बाहेर पडली नव्हती. डोळे अधू होऊ लागले तेव्हा एकदाच म्हणाली, "सगळं मिटण्याआधी बाल्टिमोरच्या बंदरावर तीन रात्री राहायचंय. चांगल्या हॉटेलात. सकाळी पडदा सारला की समोर बोटी."

तिच्या सहलीच्या वर्गणीसाठी लोणच्याची मोठी रिकामी बरणी काउंटरवर आली. रांगेतला नेहमीचा स्टॅन कोपको पाच डॉलर टाकताना ओरडायचा, "बर्निस, तिथे खिडकी उघडी ठेव गं! नाहीतर माशांच्या वासाने हॉटेलवाले हाकलतील."

"तुझं बिल त्यांच्याकडेच पाठवते, फुकट्या!"

हिशोब माझ्याकडे आला, कारण मी रोजची डायरी लिहिते आणि एक सेंट चुकवत नाही. दोन वर्षांत अठराशे साठ डॉलर जमले. आम्हा दोघींची बसची तिकिटं, खोली, खेकड्यांचं एक जेवण, बक्षिशी, सगळं मांडलं. बंदराकडची खोली मागच्या खोलीपेक्षा रात्रीला एकशेचाळीसने महाग होती.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला उपासाच्या दिवसांत आवडतं काहीतरी सोडायला लावायच्या आणि वाचलेले पैसे गरिबांच्या पेटीत टाकायला. ती सवय माझी अजून आहे. मी मागची खोली घेतली. चारशेवीस डॉलर पाकिटात घालून पेटीत टाकले आणि त्या रात्री शांत झोपले. आवडती गोष्ट सोडायची, पण ती आपली, दुसऱ्याची नव्हे, हे मला सुचलंच नाही. आणखी एक विचार तेव्हा मनात आला होता: तिला आता कितीसं दिसणार? तो मी डायरीत लिहिला नाही.

चौदाव्या मजल्यावर बर्निसने खुर्ची थेट खिडकीशी ओढली. खाली गाड्या लावायचा तळ होता.

"केवढे दिवे गं, डोलोरेस! बोटीच ना त्या?"

मी सामान आणते म्हणून खाली पळाले. खोली बदलून मागितली, पण बंदराकडच्या सगळ्या खोल्या भरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर नेलं, पण उन्हात तिला नुसता पांढरा झगमगाट दिसला. "खोलीवर चल. तिथूनच बरं दिसतं," ती म्हणाली. "तू सांग, मी बघते."

मी सांगितलं. लाल शिडाची एक, कोळशाची लांबलचक एक, कठड्यावर कुत्रा बसलेली एक. तीन रात्री सांगत होते. ती हसत होती.

घरी आल्यावर तळघरात तिने सगळ्यांना त्या कुत्र्याची गोष्ट सांगितली. स्टॅन म्हणाला, "आंधळ्या बाईला कुत्रा दिसला? डोलोरेस, खरं काय?"

हो म्हणून मान हलवणं सोपं होतं. मी हलवली. "बघ! हिच्या डायरीत असेल," बर्निस म्हणाली.

ती नोव्हेंबरात गेली. फादरनी प्रवचनात लाल शिडाचा उल्लेख केला, बायकांनी डोळे पुसले. बरणीत पैसे टाकणारे सगळेच तिथे होते, आणि मी पहिल्या बाकावर.

काल ती डायरी काढली. त्या तीन दिवसांखाली खर्च लिहिलाय, हवामान लिहिलंय. बोटींबद्दल एक अक्षर नाही. खाली जागा शिल्लक होती. तिथे मी आज गाड्यांचा तळ लिहिला, खोलीचा नंबरही लिहिला. रविवारी ते पान स्टॅनला वाचायला देणार आहे.