अर्धी गव्हाण

अमरावतीहून आलेल्या लेकीनं आज सकाळी चणे भिजवले. त्या ओल्या वासानं मला अकोल्याच्या जुन्या शहरातलं आमचं अंगण आठवलं.

वरातीसाठी आम्ही दोन घोड्या पाळल्या होत्या, बिजली आणि चांदणी. दोघी एकाच गव्हाणीत चणे खायच्या, बिजली डावीकडे आणि चांदणी उजवीकडे.

बिजली पोटशूळानं गेली. दिवसभर चांदणी फाटकाकडे तोंड करून खिंकाळत राहिली, मग गप्प झाली. दुसऱ्या दिवशी खाऊ लागली, पण फक्त उजवीकडचं. डावीकडचे चणे संध्याकाळपर्यंत आंबून जायचे.

आमचं लग्न तेव्हा नवीनच होतं. आंबलेले चणे काढता काढता बायको म्हणाली, "अवो, चांदणी बिजलीची वाट पाहून राहिली."

"वाट कायची? सवय हाय तिची," असं म्हणून मी हसलो होतो.

बायकोला जाऊन आता दुसरा उन्हाळा आहे. दुपारी मी पलंगाच्या कडेला अंग चोरून पडलो होतो. लेक म्हणाली, "बाबा, मधात झोपा न. एवढा पलंग रिकामा हाय."

"सवय हाय," मी म्हणालो, आणि तसाच पडून राहिलो.