आईनं हक्क सोडला त्या वर्षी

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पाणी नव्हतं, नव्या कचेऱ्यांच्या पाट्या मात्र भरपूर होत्या. कुणी मोठं माणूस येणार असलं की धूळ बसावी म्हणून टँकरनं रस्ता शिंपत, आणि कोरड्या नळाशी घागरी घेऊन बसलेल्या बायका ते शिंपणं मन लावून बघत.

त्या उन्हाळ्यात लातूरजवळच्या खेड्यातून मामाचा निरोप आमच्याकडे कंधारला आला. त्याची विहीर आटली होती. बोअर घ्यायला कर्ज हवं होतं, आणि बँक म्हणत होती की सातबाऱ्यावर बहिणीचंही नाव आहे, ते आधी काढा. आजोबा गेल्यावर तलाठ्यानं वारस म्हणून आईचं नाव लावलं होतं, हे आईला त्या निरोपातूनच कळलं. जमीन मिळाल्याची आणि ती सोडायची बातमी तिला एकदमच आली.

मी तेव्हा नांदेडला कॉलेजात होते, कायद्याचं थोडंफार वाचलेलं होतं. लातूरच्या बसमध्ये आईला म्हणाले, "सही करू नकोस. तुझा हिस्सा आहे तो."

"आन् हिस्सा घेऊन पंचमीला कुठं जाऊ?"

आमच्या भागात नागपंचमीला लेकी माहेरी जातात. माहेरचा कुणीतरी मुराळी म्हणून न्यायला यावा लागतो. हिस्सा मागितला आणि मुराळी यायचा थांबला, अशा दोन बायका आमच्याच गल्लीत होत्या.

रजिस्ट्री ऑफिसच्या दाराबाहेर चपलांचा ढीग होता. काढा म्हणून कुणीच सांगितलेलं नव्हतं. शिपाई खेकसत होता, "देऊळ हाय का हे? दार अडवलंय सगळं!" लोक हसत आणि काढतच. बाकावरचे एक म्हातारे शेजाऱ्याला शिकवत होते, "सायबाकडं वर बघू नको. वर बघितलं की कागदात चूक निघती."

"आन् खाली बघितलं की?"

"मग चहा सांगावा लागतो."

मामानं नवं लुगडं आणलं होतं, आईला तेच नेसायला लावलं. हक्क सोडणाऱ्या बहिणीला लुगडं द्यायची रीतच होती. बाकावर अशा कोऱ्या घडीच्या लुगड्यातल्या आणखी काही बायका होत्या, लग्नाला निघाल्यासारख्या.

दस्त लिहिणाऱ्यानं मजकूर वाचून दाखवला. आई म्हणाली, "त्यात एक घाला. दरसाल पंचमीला मुराळी येईल म्हणून."

मामा ओशाळला. "अक्का, हे काय लिहायचं असतंय का?"

"जमिनीचं लिहायलाव की. हेबी लिहा."

"बाई," लिहिणारा म्हणाला, "माहेर रजिस्टर होत न्हाई इथं."

आत साहेबांनी ठरलेला प्रश्न विचारला, "राजीखुशीनं सोडता? कुणाचं दडपण?"

"दडपण कसलं? भाऊ हाय माझा."

बाहेर येऊन आईनं अंगठ्याची शाई केसांना पुसली. मामानं हॉटेलात भजी खाऊ घातली. लहानपणीच्या एका मारक्या म्हशीची आठवण निघाली आणि दोघं पोट धरून हसली.

बोअरला पाणी लागलं नाही. पंचमीला मामा मात्र आला. आईबरोबर मीही गेले. मामीनं पुरणाचे दिंड केले, लिंबाला झोका बांधला, कशात काही कमी नव्हतं. संध्याकाळी आम्ही शेतात गेलो. चार सरी पडून गेल्या होत्या. पीक असं नव्हतंच, बांधावर तरोट्याची रानभाजी तेवढी उगवली होती. एरवी या शेतात शिरली की आई पदराचा ओटा भाजीनं भरूनच बाहेर पडायची. त्या दिवशी ती बांधाशी थांबली.

"थोडी भाजी खुडू का रं?"

"इचारायलीस काय अक्का? रानचा पाला त्यो."

"तसं न्हवं," आई म्हणाली, आणि मूठभरच खुडली.

कागदात नसतानाही मामा दर पंचमीला येत राहिला. आई जायची, आणि दर वेळी बांधाशी थांबून विचारायची.