भुलाबाईचं उलटं गाणं

आमच्या लेआउटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, बायकांनी भुलाबाईच्या सणाच्या शेवटच्या दिवशी विडंबनगीतांची स्पर्धा ठेवली आणि माझं नाव मला न विचारताच लिहून टाकलं. ऑफिसात कुणी निवृत्त झालं की जुन्या चालीवर मी चार टवाळ ओळी बसवते, हे वर्ध्यात बऱ्याच जणींना ठाऊक आहे. सेवाग्रामच्या दवाखान्यात मी कारकून आहे. फायलींवर नंबर टाकता टाकता यमकं सुचतात.

भुलाबाईची गाणी लहानपणापासून कानात बसलेली. महिनाभर आम्ही पोरी ज्वारीच्या धांड्यांच्या मांडवाखाली मातीचे भुलोजी-भुलाबाई मांडायचो आणि टाळ्या वाजवत गाणी म्हणायचो. त्यातल्या कितीतरी गाण्यांत सुनेला माहेरी जायचं असतं आणि सासरचे तिला अडवून धरतात. मोठी झाल्यावर मला ती गाणी रडकी वाटायला लागली. म्हणून मी चाल तीच ठेवली आणि माणसं उलटी केली. आता सासू विचारणार आणि सून अडवणार.

सूनबाई, सूनबाई, माहेरी जाऊ का?
नातवाची परीक्षा हाये, मंग पाहू का?
सूनबाई, सूनबाई, आता तरी जाऊ का?
गॅसवाला येनार हाये, घर बंद ठेवू का?

अशी सहा कडवी मी जाता-येता बसमध्ये लिहिली. लिहिताना माझ्या सासूबाई डोळ्यांसमोर नव्हत्या, हे मी आजही शपथेवर सांगेन. सासरे गेल्यावर त्या सिंदी गावातलं घर बंद करून आमच्याकडे आल्या, त्याला सहा वर्षं झाली. आमच्यात कधी भांडण नाही. सकाळी मी निघते तेव्हा त्या डबा हातात देतात, संध्याकाळी आले की चहा ठेवतात. जावा-नणंदा म्हणतात, तुमचं बरं आहे.

कार्यक्रम दुपारी चारला देवळाच्या सभागृहात होता. सासूबाई दुसऱ्या रांगेत शेजारच्या काकूंजवळ बसल्या होत्या. पहिल्या कडव्याला बायका खळखळून हसल्या, त्याही हसल्या. दुसऱ्या कडव्यात गॅसवाला आला तेव्हा काकूंनी त्यांच्या मांडीवर थाप मारली. सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. हसणं थांबलं होतं.

मी गात होते आणि गाता गाताच मला आठवलं. श्रावणात त्यांना भावाकडे जायचं होतं. हायवेवरच्या जाम गावाच्या पुढे एका खेड्यात त्यांचे भाऊ राहतात, आमचे मामा. मामांना बरं नव्हतं. मी म्हटलं होतं, "आई, या आठवड्यात गॅस येणार आहे, घरी कोणी नको का? पुढच्या आठवड्यात जा." पुढच्या आठवड्यात मुलाची चाचणी परीक्षा होती. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. मला वाटत होतं, मी गंमत रचली. मी तर घरातलंच बोलणं यमकात बसवलं होतं.

उरलेली कडवी कशी म्हटली ते कळलं नाही. पहिला नंबर आला. कुणीतरी व्हिडिओ काढला होता, तो रात्रीपर्यंत नातेवाइकांच्या सगळ्या ग्रुपांवर गेला. नागपूरच्या नणंदेने हसणारे चेहरे पाठवले आणि खाली लिहिलं, "आईवरच लिहिलं की काय वहिनी?"

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. सासूबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. डबा तसाच, चहा तसाच. माझ्या मनात आलं, माफी मागावी. पण कशाची मागू? गाण्याची मागितली तर ते त्यांच्यावर होतं असं कबूल केल्यासारखं होईल, आणि श्रावणातल्या त्या नकाराची मागायला माझी जीभच उचलेना. एकदा त्या मेथी निवडत बसल्या होत्या आणि तीच चाल गुणगुणत होत्या. शब्द ऐकू येत नव्हते. मी स्वयंपाकघराच्या दाराशी कान देऊन उभी राहिले. त्या जुनं गाणं म्हणत होत्या की माझं? चाल तर दोघांची एकच. त्यांनी मान वर करून विचारलं, "काय पाहिजे वं?" मी पाणी पिऊन परत फिरले.

शनिवारी दुपारी घरी आले तर दाराला कुलूप. किल्ली काकूंकडे होती. "सकाळीच पिशवी घेऊन गेल्या," त्या म्हणाल्या. "कुठं ते नाई सांगितलं."

मी सासूबाईंना फोन लावला. तो आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला, तिथेच वाजायला लागला. मामांचा फोन लागेना. नवरा हिंगणघाटला नोकरीला, तो म्हणाला, "मामाकडं गेली असंल. दुसरीकडं जाणार कुठं?" त्याचा शांतपणा मला सहन झाला नाही. सत्तरी ओलांडलेली बाई, एका डोळ्यात मोतीबिंदू, हातात फोन नाही. ती माझ्या गाण्यामुळे घराबाहेर पडली होती. मुलाला काकूंकडे बसवून मी एसटीने जामला गेले. हायवेवर ट्रकांची रांग सुटत नव्हती. रस्ता ओलांडणारी प्रत्येक म्हातारी मला सासूबाईच वाटत होती. तिथून ऑटो करून गावात पोचले.

मामांच्या अंगणात पाच-सहा बायका बसल्या होत्या. मामा खाटेवर टेकून बसलेले, बरे दिसत होते. मधोमध सासूबाई होत्या, टाळ्या वाजवत. आणि त्या माझं गाणं म्हणत होत्या, गॅसवाल्यासकट. बायका डोळे पुसून पुसून हसत होत्या. मी फाटकाशीच थांबले. मला पाहूनही त्या थांबल्या नाहीत. सहावं कडवं संपलं आणि त्यांनी सातवं सुरू केलं, जे मी लिहिलेलं नव्हतं.

सूनबाई, सूनबाई, तुले माहेर नाई का?
वरीस झालं गेली नाई, माय वाट पाही का?

मला तिथेच रडू आलं. माझी आई आर्वीला एकटी असते. खरंच वर्ष झालं होतं.

मामींनी पाणी दिलं. बायका पांगल्यावर मी सासूबाईंजवळ बसले. "आई, तुम्हाला राग आला का माझा?"

"आला ना. तीन दिवस लय राग होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बी तर गाण्यातच बोलली. समोर बोलली असती तर मी बी बोलली असती." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुले वाटते, जुनी गाणी रडकी हायेत. आम्ही ती सासूच्या समोर म्हनो, मोठ्यानं, तिच्याकडंच पाहून. तिले सारं समजे. पन गाणं हाये, देवीचं हाये, म्हनून ती काही म्हनू शके नाई. त्या दिवशी तू म्हनून राह्यली होती अन् मी तिथं माझ्या सासूच्या जागी बसलेली. तवा मले समजलं, तिले कसं वाटत असंल."

मी ज्या गाण्याची थट्टा करायला निघाले होते, ते आधीपासूनच थट्टेचं होतं, आणि माझ्यापेक्षा धीट होतं. मी फक्त बाजू बदलली होती, आणि बदललेल्या बाजूला मी स्वतःच उभी आहे हेही मला दिसलं नव्हतं.

"घरी कधी येता?" मी विचारलं.

"पाहू," त्या म्हणाल्या.

मी एकटीच परत आले. त्या दिवाळीच्या दोन दिवस आधी आल्या, मामांच्या शेतातला नवा कापूस वातींसाठी घेऊन. भाऊबीज झाल्यावर मी आर्वीला जाऊन चार दिवस राहिले.

आता त्या मला विचारत नाहीत, सांगतात. "उद्या मी चालली," एवढंच. दर वेळी ते ऐकलं की उद्या घरी कोण थांबणार, हा पहिला विचार अजूनही मनात येतोच. तो गिळून मी विचारते, "कोणत्या गाडीनं?"